उंबऱ्याशी अडलेला पाय

श्रावण लागला की आमच्या घरी नवनाथांची पोथी लागायची. गाव पाथर्डी तालुक्यातले, मढीच्या गडापासून फार लांब नाही. ओसरीवर चौरंग, त्यावर लाल फडक्यातून सोडलेली पोथी, शेजारी समई, आणि वाचायला आजोबा. ऐकायला आलेल्या बायका मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. कान पोथीकडे, बोटे कापसात. पण गोपीचंदाचा अध्याय आला की बोटे थांबायची.

प्रसंग असा आहे. थंडीचे दिवस. हेळापट्टणचा तरुण राजा गोपीचंद वाड्याच्या चौकात स्नानाला बसला आहे. राण्या त्याच्या अंगाला सुगंधी तेले चोळत आहेत. वरच्या माडीवर त्याची आई मैनावती उभी आहे. लेकाचे देखणे अंग पाहून तिला त्याचे वडील आठवतात. तेही असेच देखणे होते, आणि त्या देहाची राख झालेली तिने डोळ्यांनी पाहिली आहे. तिला रडू येते आणि एक टिपूस खाली गोपीचंदाच्या अंगावर पडते. ते ऊन लागते. आभाळात ढग नाही, मग हा ऊन थेंब आला कुठून, म्हणून गोपीचंद मान वर करतो.

आजोबा इथे जरा थांबायचे, पाणी प्यायचे. सगळी ओसरी गप्प असायची. पुढे पुष्कळ वर्षांनी, देशोदेशींच्या अद्भुत कथा वाचायला लागल्यावर, मला त्या शांततेचा अर्थ कळला. राजाला हाक आली होती, आणि तो आता 'नाही' म्हणणार हे ओसरीवरच्या प्रत्येकीला ठाऊक होते.

जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' हे पुस्तक लिहिले. जगभरच्या पुराणकथा आणि लोककथा शेजारी शेजारी मांडून त्याने दाखवले की नायकाच्या प्रवासाची चाल बरीचशी सारखी असते. त्यातला सुरुवातीचा भाग म्हणजे घर सोडण्याचा. आधी हाक येते. नायक ती नाकारतो. मग त्याला कोणी वडीलधारा, जास्तीचे काही जाणणारा मदतनीस भेटतो. नायक पहिला उंबरठा ओलांडतो, आणि ओलांडताक्षणी देवमाशाने गिळल्यासारखा दिसेनासा होतो. त्याच्यातला जुना माणूस तिथे संपतो. हॉलिवूडच्या पटकथा लिहिणाऱ्यांनी पुढे हा क्रम पाढ्यासारखा घोकला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधला ल्यूक हा शेतकऱ्याच्या घरात वाढलेला पोरगा. त्याला बोलावणे येते तेव्हा तो सांगतो की मला घरी जायला हवे, कामे आहेत, मी या भानगडीत पडू शकत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही पोराने दिले असते तेच उत्तर.

या क्रमातली नकाराची पायरी बहुतेक लेखक घाईने उरकतात. नायकाने एकदा 'नाही' म्हणायचे, वाचकाने ते खरे मानायचे नाही, आणि पुढच्या पानावर घोडा तयार. मला मात्र वाटते की कथेचा जीव त्या पायरीवरच आहे. नायक कशासाठी नकार देतो यावरून त्याला कोणता गुरू भेटणार आणि कोणते दार उघडणार हे ठरते. हे समजून घ्यायला आमच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, दोन जागा आहेत. एक मढी, दुसरे नेवासे.

आधी परदेशी नमुना पाहू, कारण 'अनिच्छेने निघालेला नायक' म्हटले की आज बहुतेकांना तोच आठवतो. जे. आर. आर. टॉल्किनचे 'द हॉबिट' १९३७ मध्ये आले. त्यातला बिल्बो बॅगिन्स पन्नाशीचा, खाऊनपिऊन सुखी, टेकडीच्या पोटातल्या उबदार घरात एकटा राहणारा. एका सकाळी तो दारात बसून चिलीम ओढत असताना गँडाल्फ नावाचा म्हातारा जादूगार येतो आणि सांगतो, मी एका साहसासाठी माणूस शोधतो आहे. बिल्बो नम्रपणे सांगतो की असल्या गोष्टी आमच्याकडे चालत नाहीत, त्यात जेवायला उशीर होतो. आणि दार लावून घेण्याच्या गडबडीत, वाईट दिसू नये म्हणून, त्याच म्हाताऱ्याला उद्या चहाला ये असे सांगून बसतो.

टॉल्किनची कारागिरी या चहाच्या बोलावण्यात आहे. नकार देता देताच बिल्बोने दार किलकिले ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या दारातून तेरा बुटके आत येतात, फराळाचे डबे रिकामे करतात, रात्री दूरच्या डोंगराचे गाणे म्हणतात, आणि ते ऐकताना बिल्बोच्या आत काहीतरी हलते. टॉल्किन त्याचे कारणही सांगतो. बिल्बोचे वडील बॅगिन्स, म्हणजे चाकोरीतले घराणे. आई मात्र टूक घराण्यातली, आणि टूक लोक अधूनमधून साहसाला निघून जाणारे. आजोळचे रक्त जागे झाले, असे आपण म्हणू. तिसऱ्या दिवशी सकाळी बिल्बो टोपी नाही, काठी नाही, खिशात रुमालसुद्धा नाही अशा अवस्थेत धावत सुटतो.

रुमाल विसरण्याला मी फार मोठी जागा देतो. सगळी तयारी करून, सगळा हिशेब मांडून जो निघतो त्याची गोष्ट वेगळी. बिल्बोचा नकार सुखाचा होता. त्याला घर हवे होते, वेळेवर जेवण हवे होते. म्हणून त्याला भेटलेला गुरूही त्याच्या घरातच शिरून त्याचे जेवण संपवणारा आहे. जो दोर पाय बांधून ठेवत होता तोच त्याने आधी सैल केला.

आता परत हेळापट्टणला. गोपीचंदाचा नकारही सुखाचाच आहे, पण तो बिल्बोच्या नकाराइतका निरुपद्रवी राहत नाही.

मैनावतीने आधीच जालंदरनाथांचा अनुग्रह घेतलेला असतो. हे नाथ नगरात गवताचा भारा घेऊन हिंडत असतात. भारा डोक्यावर दिसतो, पण डोक्याला टेकलेला नसतो, अधांतरी तरंगत असतो. माडीवरून ते पाहूनच तिने त्यांना ओळखलेले असते. आता ती मुलाला सांगते, या देहाची राख होणार आहे, तू त्या गुरूला शरण जा आणि अमर हो. गोपीचंद 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, मला आणखी बारा वर्षे सुख भोगू दे, मग जाईन. आई म्हणते, पुढच्या घटकेची खात्री नाही, तू बारा वर्षांचे काय सांगतोस?

'नंतर' हा नकाराचा सगळ्यात सभ्य प्रकार, आणि सगळ्यात धोक्याचा. कारण त्या 'नंतर'मध्ये दुसऱ्या कुणाला तरी बोलायला सवड मिळते. मायलेकांचे बोलणे लुमावंती राणी ऐकते. राजा गेला तर आपले काय, या भीतीने ती त्याच्या मनात विष कालवते की आईचा त्या जोग्याशी संबंध आहे आणि तुला घालवून तिला त्यालाच गादीवर बसवायचे आहे. गोपीचंद ते खरे मानतो. रात्री जालंदरनाथांना खड्ड्यात टाकून वर घोड्यांची लीद लोटली जाते. ज्याने दार उघडायचे तोच गाडला जातो.

कॅम्बेलने एक गोष्ट बरोबर हेरली आहे. हाक नाकारली की ती मिटत नाही, उलटी होऊन अंगावर येते. ग्रीक राजा मिनोसने देवाला द्यायचा बैल स्वतःसाठी ठेवला आणि त्याच्या घरात नरभक्षक राक्षस जन्मला. गोपीचंदाचा वाडा वरून तसाच झगमगीत राहतो, पण नगरात एका खड्ड्यात एक जिवंत योगी समाधी लावून बसलेला आहे आणि राजाला ते माहीत आहे. देवमाशाच्या पोटात इथे नायक गेला नाही, गुरू गेला. नायकाच्या वाट्याचा अंधार गुरूने आधी भोगला. ही कल्पना मला दुसरीकडे इतक्या ठळकपणे कुठे आढळली नाही.

सोडवायला येतात ते कानिफनाथ, जालंदरनाथांचे शिष्य. त्यांचीच समाधी मढीच्या गडावर आहे, आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते. रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो, राज्यभरच्या भटक्या जमातींची माणसे येतात. त्या गर्दीत गोपीचंदाची गोष्ट सांगणारे आजही भेटतात. गुरूला बाहेर काढले तर त्याच्या पहिल्या शब्दाने राजा जळून जाईल, हे कानिफांना ठाऊक असते. म्हणून ते गोपीचंदाचे पाच धातूंचे पाच पुतळे करवतात. खड्ड्याच्या काठावर एकेक पुतळा उभा करतात. आतून आवाज येतो, कोण आहे? गोपीचंदाचे नाव सांगितले जाते. आतून शाप येतो, आणि धातूचा पुतळा राख होतो. असे पाच वेळा. पाच गोपीचंद जळून गेल्यावरही नाव घेणारा उभाच आहे म्हटल्यावर गुरूचा राग निवतो आणि ते म्हणतात, इतके होऊनही जो उरला तो अमर होऊ दे.

आईने पहिल्या दिवशी जे सांगितले होते तेच शेवटी घडते. देहाची राख होते, माणूस अमर होतो. मधल्या नकाराने त्याची किंमत मात्र पाचपट झाली. धुंडिसुत मालू कवीने 'नवनाथ भक्तिसार' शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली लिहिले. चाळीस अध्यायांच्या या ग्रंथाला आपण पोथी म्हणून हात जोडतो, पण साहित्य म्हणून त्याच्याकडे कमी पाहतो. मराठीतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची गोष्ट सांगताना १८६१ च्या 'मुक्तामाला'चे, १८६८ च्या 'मंजुघोषा'चे नाव घेतात. त्यांच्या चाळीस-पन्नास वर्षे आधी गावोगावच्या ओसऱ्यांवर इतकी बांधीव अद्भुत कथा वाचली जात होती. गोपीचंदाची कथा बंगालपासून पंजाबपर्यंत गायली गेली आहे, आणि मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी मुंबईत हिंदी नाटक केले तेही याच राजावर.

दुसरी जागा नेवासे. ज्ञानेश्वरीतून तिथे सांगितला गेलेला अर्जुनाचा नकार सुखासाठी नाही, म्हणून तो समजायला जास्त अवघड आहे.

नेवाशाच्या आधी विराटनगरीची एक आठवण हवी. अज्ञातवासाच्या शेवटी कौरव विराटाच्या गाई वळवून नेतात तेव्हा राजपुत्र उत्तर अंतःपुरात बायकांपुढे बसून सांगतो, सारथी मिळाला तर मी एकटा सगळ्यांना परत लावीन. सारथी म्हणून मिळते बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन. रथ कौरवसेनेसमोर येतो, समुद्रासारखे सैन्य दिसते, आणि उत्तर धनुष्य टाकून रथातून उडी मारून पळत सुटतो. लांब वेणी आणि लाल वस्त्रे सांभाळत अर्जुन त्याच्यामागे धावतो, शंभरएक पावलांवर त्याला केसांना धरून पकडतो, रथात बसवतो, आणि म्हणतो, तू लगाम धर, लढतो मी. मग शमीच्या झाडावरून शस्त्रे काढायला त्यालाच वर चढवतो. दसऱ्याला आपण त्या शमीची आठवण काढतो, पण झाडावर चढलेल्या त्या घाबरलेल्या पोराची सहसा काढत नाही.

उत्तराचा नकार भीतीचा. त्याला उपदेश नको होता, हाताला काम हवे होते. ते मिळताच तो सावरला. आणि ज्याने त्याला सावरले तो अर्जुन थोड्याच काळात कुरुक्षेत्रावर त्याच जागी उभा आहे. तसाच रथ, समोर तेच सैन्य, तसेच हातातून गळणारे धनुष्य; फक्त लगाम आता श्रीकृष्णाच्या हातात. व्यासांनी ही दोन चित्रे इतकी जवळ ठेवली आहेत की त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे मला कधीच वाटले नाही. दुसऱ्याला धीर देणाराही आपल्या वेळेला ढासळतो. पण अर्जुन भ्यालेला नाही. एका बाजूला आजोबा भीष्म, गुरू द्रोण, मामे, भाचे, मित्र. त्यांना मारून मिळणारे राज्य त्याला नको आहे. प्रेमापोटी आलेला हा नकार आहे. म्हणून उत्तराला पुरले तसे केसांना धरून रथात बसवणे इथे पुरत नाही.

गीतेच्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ गप्प आहेत. जमलेल्या कुरूंकडे पाहा, एवढेच ते सांगतात. बाकी सगळा अध्याय पाहणाऱ्याच्या ढासळण्याचा: तोंडाला कोरड, अंगाला कंप, कातडीची आग, हातातून सुटणारे गांडीव. दुसऱ्या अध्यायात अर्जुन लढणार नाही असे सांगून मोकळा होतो आणि गप्प बसतो. पण त्याआधी, त्याच बोलण्यात, तो म्हणून जातो की मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. आतापर्यंत ते दोघे मित्र होते, आतेभाऊ-मामेभाऊ होते. इतक्या वर्षांच्या सहवासात अर्जुनाने हे कधी विचारले नव्हते. नकार देताना त्याच्या तोंडून ते निघाले. मदतनीस पुष्कळ आधीपासून शेजारीच बसलेला असतो, त्याचा गुरू होतो तो या नकारापाशी.

आता एक तपशील, जो मला नेवाशाचा खरा मोठेपणा वाटतो. शंकराचार्यांचे गीताभाष्य श्लोकांच्या अर्थाला लागते ते दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून. तिथून श्रीकृष्णांचा उपदेश सुरू होतो, तत्त्वज्ञान सुरू होते. त्याआधीचा विषाद ही प्रस्तावना. तत्त्वज्ञाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वर हीच गीता मराठीत सांगायला बसले तेव्हा त्यांनी पहिल्या अध्यायाला २७५ ओव्या दिल्या. सुरुवातीच्या ऐंशीएक ओव्या गणेश, शारदा, गुरू आणि श्रोते यांच्या वंदनाच्या सोडल्या तरी दोनशेच्या जवळपास ओव्या त्या रणांगणापाशी, थांबलेल्या रथापाशी खर्ची पडल्या आहेत. ऐकायला बसलेली माणसे शेतातून, बाजारातून आलेली. त्यांना आधी ब्रह्म सांगायचे नव्हते. एक धडधाकट, शूर माणूस आपल्याच माणसांसमोर कसा विरघळतो ते दाखवायचे होते.

आणि दाखवले आहे कसे, ते जवळून पाहावे. अर्जुनाच्या मनात करुणा शिरली तेव्हा त्याची वीरवृत्ती त्याला सोडून गेली, असे ज्ञानेश्वर सांगतात. जशी मानी, कुलवंत बायको घरात सवत आलेली सोसत नाही तशी ती निघून गेली. चंद्राचे किरण लागताच सोमकांत मणी पाझरतो तसा तो पाझरला. आणि मग येतो तो भुंगा. कसलेही वाळलेले, टणक लाकूड तो लीलया पोखरतो. पण संध्याकाळी कमळाची कळी मिटली आणि तो आत सापडला, तर त्या कोवळ्या पाकळ्यांत तो जीव देईल, पाकळी काही फाडणार नाही. कोवळी असूनही माया अशी कठीण असते.

अनिच्छेने निघणाऱ्या नायकाचे याहून नेमके चित्र मी कुठल्याच भाषेत वाचलेले नाही. भुंग्याला ताकद नाही असे कुणी म्हणू शकत नाही. लाकडाचा भुसा समोर पडला आहे. त्याला भीतीही नाही. जिथे तो अडला ती जागा मऊ आहे, एवढेच. पुढे श्रीकृष्ण अर्जुनाला कडक शब्दांत बोलतात, ही मरगळ तुला शोभत नाही म्हणतात, आणि ज्ञानेश्वरही ते बोल लपवत नाहीत. पण बोल लावण्याआधी त्यांनी त्या अडकण्याला पुरती माया दिली. गीतेतही त्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग आहे. विषादाला योग म्हणणाऱ्या परंपरेत नकार ही चूक म्हणून पुसून टाकता येत नाही.

सांगणाऱ्याचे वय पाहिले तर आणखी आश्चर्य वाटते. रूढ समजुतीप्रमाणे ज्ञानेश्वर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली ही चार भावंडे. ज्या समाजाने दार लावले त्याच समाजाला दार उघडून देणारा ग्रंथ सांगायचा, ही हाक काही सोपी नव्हती. ग्रंथाच्या शेवटी लेखक म्हणून ज्यांचे नाव येते त्या सच्चिदानंदबाबांबद्दल नेवाशात कथा सांगतात: त्यांचा मृतदेह निघाला होता, पत्नी सती जायला निघाली होती, आणि ज्ञानेश्वरांनी त्यांना परत उठवले. चितेवरून परत आलेल्या माणसाने ज्ञानेश्वरी लिहून घेतली, असे परंपरेने मनात ठेवले आहे.

खुद्द ज्ञानेश्वरांनाही एकदा हाक मारून उठवावे लागले होते. ताटीचे अभंग सगळ्यांना माहीत आहेत. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून समजावत राहिली. दोन जगे वेगळी करणारा तो उंबरठा म्हणजे काट्याकुट्यांची एक ताटी, आणि गुरू म्हणजे धाकटी बहीण.

इथे परदेशी कथांशी एक मोठा फरक मला दिसतो. गँडाल्फ बाहेरून येतो. तो ओळखीचा असला तरी घरचा नाही. दारावर खूण करून जातो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येही (१९५४-५५) तोच येऊन नायक फ्रोडोला त्याच्याकडच्या अंगठीचे सत्य सांगतो. फ्रोडो घाबरून म्हणतो, मग ही तूच घे. आणि गँडाल्फही घेत नाही; आपल्या हातात ती आली तर काय होईल याचे त्याला भय आहे. फार सुंदर जागा आहे ती, कारण तिथे गुरूही 'नाही' म्हणतो. फ्रोडोला हे वसंतात कळते, तो निघतो शरदात, पन्नासावा वाढदिवस उरकून, घर विकून. पाचएक महिने तो रेंगाळतो. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सोमच्या खंदकांत होता. घरून निघणाऱ्या तरुणांची पावले कशी जड होतात हे त्याला कुणी सांगायला नको होते.

आपल्याकडे हाक बहुधा घरातूनच येते. आईचे टिपूस. धाकट्या बहिणीचा आवाज. सारथ्य करणारा मामेभाऊ. म्हणून ती नाकारणे जास्त अवघड, आणि नाकारले तर जखमही जास्त खोल. बिल्बोचा नकार गँडाल्फला लागत नाही. गोपीचंदाचा मैनावतीला लागतो.

इतिहासातही या जिल्ह्याला हे ठाऊक आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव होळकरांनी त्यांना मागे वळवले आणि पुढची बारा वर्षे राज्यकारभार शिकवला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही गेला, आणि मग त्यांनी जे राज्य केले त्याचे घाट, विहिरी आणि देवळे काशीपासून रामेश्वरपर्यंत उभी आहेत. त्या दिवशी त्या काय सोडायला निघाल्या होत्या आणि कुणाच्या शब्दाखातर थांबल्या, हे पुतळ्यांवरून कळत नाही. इथेही हाक मारणारा घरातलाच होता.

राहिला उंबरठा. नायक शेवटी पाऊल टाकतो तेव्हा काय घडते? बिल्बो रुमाल विसरतो. अर्जुनाचा उंबरठा तर एका जागेवर उभ्या रथात आहे. अठरा अध्याय होईपर्यंत चाक एक बोट हललेले नाही, आणि तरी तो कुठल्या कुठे पोहोचला आहे. गोपीचंदाला मात्र खराखुरा उंबरा ओलांडायचा होता. जोग घेतल्यावर पहिली भिक्षा त्याने कुठे मागावी? गुरू त्याला त्याच्याच वाड्यावर पाठवतात. ज्या चौकात त्याच्या अंगाला तेल लागत होते तिथे तो झोळी घेऊन उभा राहतो आणि आपल्याच राण्यांना माई म्हणतो.

आमच्या ओसरीवर या ठिकाणी बायका डोळ्याला पदर लावायच्या. लहानपणी मला वाटायचे, राज्य गेले म्हणून त्या रडतात. आता वाटते, लग्न होऊन ज्या घरातून त्या बाहेर पडल्या होत्या तिथे पुढे पाहुणी म्हणून उभे राहणे त्यांना माहीत होते. घर सोडणाऱ्या नायकाची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नव्हती. प्रत्येकीने तो उंबरठा एकदा ओलांडला होता, आणि बहुतेकींना 'नाही' म्हणायची सवडही मिळाली नव्हती.

नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब आजही मंदिरात उभा आहे. त्यावर जुना शिलालेख कोरलेला आहे. दुर्गाबाई भागवतांनी १९७० मध्ये आपल्या ललितलेखांच्या संग्रहाला 'पैस' हे याच खांबाचे नाव दिले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की नेवासे फाटा येतो. मढी त्याच जिल्ह्यात, पाथर्डीच्या वाटेवर. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात दोन्ही होतात. जाताना ज्ञानेश्वरी बरोबर न्या आणि खांबाजवळ बसून पहिला अध्याय मोठ्याने वाचा. पुष्कळ जण तो अध्याय चाळून दुसऱ्याकडे वळतात. तसे करू नका. भुंगा दोनशेच्या पुढच्या ओव्यांत आहे, तिथे तेवढे थांबा.